फियाटची खोळ

माणसाला म्हातारं व्हायला सरकारची परवानगी लागत नाही, गाडीला लागते. नाचणगावच्या वासुदेवरावांनी त्या उन्हाळ्यात हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी त्यांना स्वतःलाच त्याचा कंटाळा आला. आरटीओच्या व्हरांड्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते ऐकवायचे, आणि तो बिचारा आपल्या लायसनच्या काळजीत असूनही मान हलवायचा. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या बोलण्यावर मान हलवायची रीत अजून वर्ध्यात आहे, एवढंच त्यातलं समाधान.

गाडी म्हणजे त्यांची फियाट. मोतिया रंगाची, गोल दिव्यांची, वडिलांनी कापसाच्या एका बऱ्या हंगामात हौसेनं घेतलेली. ती दारात आली आणि लगेच वासुदेवरावांचं लग्न झालं. नवी नवरी, आष्टीची आनंदाबाई, याच गाडीतून सासरी आली. पुढे गावात बुलेरो आल्या, डिझेलची इंजिनं बसवून देणारे आले, गॅसच्या टाक्या बसवून देणारे आले. वासुदेवरावांनी कोणालाच हात लावू दिला नाही. लोक त्यांना चिक्कू म्हणाले. खरं तर तो आळस होता, पण आळसाचंही कधीकधी सोनं होतं.

झालं असं, की फियाटची नोंदणी कधीच संपून गेली होती आणि वासुदेवरावांच्या ते गावीही नव्हतं. पुलगावच्या चौकात एका तरुण हवालदारानं गाडी अडवली, कागद पाहिले, आणि हसावं की चलान फाडावं अशा पेचात पडला. पुढे ऑफिसात कळलं की गाडीचं जुनं बुक कॉम्प्युटरच्या आधीच्या काळातलं आहे, साधं नूतनीकरण आता होणार नाही. वाटा दोनच. एक तर गाडी भंगारात द्यायची, नाही तर ‘व्हिंटेज’ म्हणून नव्यानं नोंदवायची. पन्नाशीच्या वरची गाडी हवी, इंजिन, सांगाडा, सगळं मूळचं हवं. मग नवा नंबर मिळतो आणि गाडी जगते. पण रोज फिरवायची नाही. प्रदर्शनाला न्यायची, जुन्या गाड्यांच्या क्लबच्या रॅलीला न्यायची, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. बाजाराला, लग्नाला, सोयऱ्यांकडे न्यायची नाही.

“म्हणजे पेन्शन,” असं क्लबच्या प्रभाकररावांनी त्यांना समजावलं. प्रभाकरराव कॉलेजातून निवृत्त झालेले, डोक्यावर फेल्टची टोपी, स्वतःकडे एक जुनी जीप, आणि जगात ज्याला जुनी जीप नाही त्याच्याबद्दल मनात अपार दया. त्यांनी क्लबातर्फे चार-पाच गाड्यांचे अर्ज एकत्र करायला घेतले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी ते सगळे अर्ज मुंबईला जायचे होते. त्यात फियाट गेली तर गेली, नाही तर पुढची खेप कधी ते देव जाणे, आणि तोवर रस्त्यावर दिसलेली गाडी उचलून नेली तर बोलायला जागा नव्हती.

वासुदेवराव थकले होते. गुडघे थकले होते, डोळे थकले होते, आणि एकाच खिडकीवर तीच माहिती पुन्हा सांगून जीभही थकली होती. मुलगी मंजुषा वर्ध्यातच कॉलेजात शिकवायची. ती एकदा सरळ म्हणाली, बाबा, सोडून द्या, कशाला हा जिवाला घोर? त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं, पण ते बॉनेटच्या खाली होतं.

मे महिन्यात एका सकाळी तपासणीला बोलावलं. वर्ध्याचा मे, म्हणजे सकाळ म्हणायला फक्त. वासुदेवरावांनी फियाट चिंचेच्या सावलीत लावली. तपासणीच्या मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड, आणि त्याही थकलेल्याच दिसत होत्या. त्यांनी इंजिन पाहिलं, समाधानानं मान हलवली. मग कागद आणि पेन्सिल हातात घेऊन चॅसी नंबर विचारला. गाडीच्या पत्र्यात ठोकलेला हा नंबर, त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, की त्याचा ठसा कागदावर उमटतो. तो ठसा मुंबईला जातो. बाकी सगळी कागदपत्रं असली आणि तो नसला, तर सगळं मुसळ केरात.

वासुदेवरावांनी बोट दाखवलं. काचेच्या खालच्या पत्र्यावर, जिथे नंबर असायला हवा, तिथे शेंदराचा एक गोळा होता. चांगला मूठभर. वेशीवरच्या मारुतीला असतो तसा जुना, दगडासारखा घट्ट, वरून तेलानं काळपटलेला.

भोवती जमलेल्या ड्रायव्हर लोकांत खसखस पिकली. एकानं हात जोडले. प्रभाकररावांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. “काका,” त्या म्हणाल्या, “नंबर दिसला नाही तर ही गाडी तीच आहे हे मी कशावरून लिहू? एवढं साफ करून आणा. आणि पुढेही तिथे काही लावू नका.”

एवढंच. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. वासुदेवरावांनी ‘हो जी’ म्हटलं, बॉनेट लावलं आणि परतीच्या वाटेवर सेलूकाट्याला उसाचा रस वगैरे काही न घेता सरळ घरी आले.

आता तो शेंदूर तिथे कसा आला ते सांगायला हवं. गाडी आली तेव्हा नागपूरहून सोबत आलेल्या एजन्सीच्या माणसानं सगळ्या घराला गाडी समजावून दिली होती. ब्रेक, गिअर, दिवे. शेवटी बॉनेट उघडून तो म्हणाला होता, पुढची पाटी बदलेल, रंग बदलेल, पण हा नंबर म्हणजे गाडीचं खरं नाव, हे जन्मभर राहणार. घरातल्या पुरुषांनी ते ऐकलं आणि विसरले. काही दिवसांनी लग्न होऊन आलेल्या आनंदाबाईला ते नणंदेनं गंमत म्हणून सांगितलं, आणि तिच्या ते डोक्यात पक्कं बसलं. पहिल्या दसऱ्याला सासू ताट घेऊन उभी राहिली, सगळ्यांना वाटलं सूनबाई बॉनेटवर स्वस्तिक काढेल. सूनबाईनं बॉनेट उघडायला लावलं.

“गंध कपाळाले लावतेत,” ती म्हणाली होती, “टोपीले नाई.”

सासूला हसू आवरेना. पण कोणाला खोडूनही काढता येईना. पहिल्या वर्षी कुंकू लावलं, ते इंजिनाच्या धगीनं झडून गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं मारुतीच्या देवळातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि बोटानं दाबून लावला. मग दर दसऱ्याला, आणि आष्टीला माहेरी निघायच्या आधी न चुकता. थरावर थर चढत गेले. एका दसऱ्याला ती वाकलेली असताना बॉनेटची दांडी सटकली आणि अख्खं बॉनेट तिच्या हातावर आलं. उजव्या हाताची अनामिका मोडली. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बसवली, ती डावीकडे वाकडी बसली. आनंदाबाई गाडीवर चिडली नाही. नवऱ्यावर चिडली. दांडी नीट लावायला काय होत होतं, हे ती पुढची कित्येक वर्षं, मीठ कमी पडलं तरी मध्येच काढायची. पण त्या दिवसापासून शेंदरावरचा बोटाचा ठसा डावीकडे कलता उमटायला लागला.

ती जाऊन दोन दसरे झाले. लोणच्याची तिची शेवटची बरणी पहिल्याच उन्हाळ्यात संपली. लुगडी वाटली गेली. फोटो होता भिंतीवर, पण फोटोतली आनंदाबाई कॅमेऱ्याकडे पाहत होती, जरा घाबरून, पदर सावरून. तशी ती घरात कधी दिसलीच नव्हती. शेंदरात मात्र ती कोणाकडे पाहत नव्हती. वाकून आपलं काम करत होती. वरच्या थरावर तो वाकडा ठसा अजून जसाच्या तसा होता. वासुदेवराव अधूनमधून बॉनेट उघडायचे, ऑइल पाहायच्या निमित्तानं, आणि त्या खळग्यात आपलं बोट ठेवायचे. गाडी वाचवायची होती ती याच्यासाठी. आणि आता गाडी वाचवायची तर हेच खरवडून काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुलगावला कैलासकडे गेले. फियाटला हात लावायची परवानगी असलेला हा एकच मेकॅनिक. कैलासनं पाहिलं, छिन्नी काढली, थिनरचा डबा काढला, म्हणाला की घटकाभराचं काम आहे. छिन्नीचं टोक शेंदराला टेकलं मात्र, वासुदेवरावांनी त्याचा हात धरला.

“राहू दे. आज डोकं दुखून राह्यलं.”

“काका, डोकं तुमचं दुखून राह्यलं, करनारा मी हाये.”

“तरी राहू दे.”

कैलासनं छिन्नी खाली ठेवली. मग त्यानं चहा मागवला. वासुदेवरावांनी तो प्यायला नाही.

मग रोजचा तोच खेळ सुरू झाला. सकाळी उठून गाडीच्या शेडमध्ये जायचं, आज काढून टाकू म्हणून बॉनेट उघडायचं, उभं राहायचं, आणि परत येऊन खाटेवर बसायचं. मंजुषानं फोनवर सुचवलं की आधी जवळून फोटो काढून ठेवू, मोठा करून लावू. प्रभाकररावांनी फोनवर सुचवलं की थोडा शेंदूर डबीत काढून ठेवा. दोघंही शहाणी माणसं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता, आणि वासुदेवरावांच्यात तेवढी ताकदही उरली नव्हती. झोपून उठलं तरी अंगात झोप असायची. एकदा तर त्यांना वाटलं, नेऊ द्यावी गाडी भंगारवाल्याला, शेंदरासकट. निदान आपल्या हातानं काही होणार नाही.

हे त्यांनी बोलून दाखवलं ते शकुंतलाबाईंना. शकुंतलाबाई म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली, ती शेजारच्याच घरात राहायची आणि संध्याकाळी ताकाचं पातेलं घेऊन यायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं गळ्याचा घाम पुसत म्हणाली,

“छिन्नीनं कोनी खोळ काढते का, भाऊजी? देवानं टाकली पायजे.”

“आन नाई टाकली त?”

“त तेल चढवा आन वाट पाहा. आनंदीले इचारलं असतं त तिनं हेच सांगितलं असतं. इसरले काय तुमी, मारुतीची खोळ नदीवर कोनी नेलती?”

वासुदेवराव विसरले होते. आता आठवलं. वेशीवरच्या मारुतीनं एका वर्षी खोळ टाकली होती. शेंदराचं जुनं कवच असं आपोआप सुटून आलं की त्याला वाजतगाजत नदीला न्यायचं असतं. भजनी मंडळ पायी निघालं, पण खोळ जड, आणि ऊन रणरणतं. आनंदाबाईनं ठरवून टाकलं की देव फियाटमधून जाईल. मागच्या सीटवर ती बसली, मांडीवर नव्या कापडात गुंडाळलेली खोळ. वासुदेवराव टाळकऱ्यांच्या मागे त्यांच्याच चालीनं गाडी चालवत होते. येताना त्यांनी तिला विचारलं होतं, इतक्या वर्षांचा शेंदूर, इतक्या लोकांचा हात, सगळं पाण्यात, वाईट नाही वाटत?

“वाईट काऊन वाटन जी?” ती म्हणाली होती. “देवाचं वझं उतरलं. आता पहिल्यापासून लावाले मोकळे.”

त्या रात्री वासुदेवराव बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

सकाळी त्यांनी तिळाचं तेल कोमट केलं आणि कापसाच्या बोळ्यानं शेंदराच्या कडेकडेनं सोडलं. इंजिन चालू करून थोडी धग दिली, पुन्हा तेल सोडलं. नखानं काही उकरलं नाही. रोज तेवढंच करायचं आणि यायचं. प्रभाकररावांचे फोन वाढले. मॅडमनी दोनदा निरोप धाडला. वासुदेवरावांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, होऊन राह्यलं. प्रभाकररावांनी काय होऊन राहिलं म्हणून विचारलं, तर तेल होऊन राह्यलं, असं सांगितलं. प्रभाकररावांनी फोन ठेवून दिला.

आणि एका दुपारी, गाडीचा पत्राच तव्यासारखा तापलेला असताना, त्यांनी हात लावला तर गोळा हलला. वासुदेवरावांनी दोन्ही हात खाली धरले. जराशी कुरकुर झाली आणि सगळी खोळ अखंड त्यांच्या ओंजळीत आली. ती अजून गरम होती. त्यांना रडू आलं, आणि शेडमध्ये कोणी नसल्यामुळे त्यांनी ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी ती उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला गाडीचा नंबर उमटला होता, उलटा, आरशात दिसतो तसा. एका बाजूला नंबर, एका बाजूला आनंदाबाईचं बोट. आणि पत्र्यावर खरा नंबर असा लखलखीत होता, जसा कालच कोणी ठोकला. इतक्या वर्षांत तेल-शेंदरानं तिथे गंजाचा कणसुद्धा धरू दिला नव्हता. कैलास पाहायला आला तेव्हा म्हणाला की नागपूरच्या एका भारी गाडीचा अर्ज नुकताच परत आला, नंबर गंजानं खाल्ला म्हणून. वासुदेवराव म्हणाले, असेल. त्यांना जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. मोकळं वाटत होतं आणि रितंही वाटत होतं.

मॅडमनी कागद धरला, पेन्सिल घासली, आणि एकेक आकडा काळ्यातून पांढरा वर आला. इतका साफ नंबर नव्या गाड्यांचाही येत नाही, असं त्या म्हणाल्या. कशानं साफ केला, म्हणून त्यांनी विचारलं.

“म्या नाई केला,” वासुदेवराव म्हणाले. “बायकोनं जपला होता.”

मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग सही केली आणि पुन्हा एकदा सांगितलं की नंबरावर आता काही लावायचं नाही, काका, पुढच्या तपासणीला अडचण होईल. वासुदेवरावांनी पुन्हा ‘हो जी’ म्हटलं.

मंजुषा त्या दिवशी सोबत होती. खोळ काचेच्या पेटीत ठेवू, असं तिचं म्हणणं होतं. मांडीवर खणात गुंडाळलेली ती खोळ घेऊन ती मागच्या सीटवर बसली होती, आणि मारुतीची खोळ घेऊन आई बसली होती नेमकी तिथेच आपण बसलो आहोत हे तिला माहीत नव्हतं. वासुदेवरावांना पेटीचा मोह झाला नाही असं नाही. पण गाडी तर आता पेटीतच जायची होती. घरात दोन पेट्या कशाला? नाचणगावचा फाटा आला, तो त्यांनी सोडला, पुलगाव ओलांडून सरळ वर्धा नदीवर गेले. उन्हाळ्यानं पाणी आत सरलं होतं. वाळूतून चालत जाता जाता त्यांना दोनदा थांबून दम घ्यावा लागला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी खोळ सोडली. ती बुडायला जराही वेळ लागला नाही. मंजुषा रडली. ते रडले नाहीत, त्यांचं आधीच झालं होतं.

दसऱ्याच्या आधी कागद आला. नवा नंबर, नवी पाटी. प्रभाकररावांनी पेढे आणले आणि थंडीतल्या रॅलीचं निमंत्रणही तोंडी देऊन टाकलं. म्हणजे फियाट आता वर्षातून दोनदा नागपूरला जाणार, लोक तिच्याजवळ उभं राहून फोटो काढणार, आणि आष्टीच्या रस्त्याला ती पुन्हा कधी लागणार नाही. वासुदेवरावांनी पेढा खाल्ला. गोड होता.

दसऱ्याला मंजुषा आली. शेड झाडून झाली, फियाटला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला. ताटात हळद, कुंकू होतं. वासुदेवरावांनी आतून एक वाटी आणली. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर पाहून मंजुषा म्हणाली,

“बाबा, मॅडम काय म्हणाल्या होत्या?”

“तपासनी दहा वर्सांनी हाये,” वासुदेवराव म्हणाले. “तेव्हा तू तिळाचं तेल आनजो.”

मंजुषानं ताट बाजूला ठेवलं. वासुदेवरावांनी बॉनेट उघडलं, दांडी लावली. पत्र्यावरचा नंबर उघडा होता. त्यांनी अनामिका शेंदरात बुडवली, वाकले, आणि थांबले. बोट सरळ होतं. त्यांनी ते जरा डावीकडे वाकडं केलं, दुखलं तरी तसंच धरलं, आणि नंबरावर टेकवलं.

मग दांडी नीट बसली आहे ना ते हात लावून पाहिलं, आणि मंजुषाला म्हणाले, ये, आता तू लाव.